हेक्सागॉन: ९७ किलोमीटर फिल्म घेऊन फिरणारा उपग्रह

तांबडादिवा | शनिवार, रात्री ९.२०

चौदा-पंधरा वर्षांचा असताना मी मामाच्या फोटो स्टुडिओत रोल धुवायला शिकलो. कागदावर प्रिंट काढताना तांबडा दिवा चालतो, पण रोल उघडायचा तो मिट्ट काळोखात. फिल्मचं टोक चाचपत स्पायरलच्या खाचेत घालायचं आणि मनगट मागेपुढे करत ती आत सरकवायची. बोटं जरा ओलसर असली की फिल्म मध्येच अडायची, मग ओढाताण, आणि जिथे मुरड पडली तिथे निगेटिव्हवर काळी चंद्रकोर. एकदा थंडीच्या दिवसांत मी रोल घाईने सर्रकन ओढला आणि अंधारात निळसर ठिणगी चमकली. धुतल्यावर बघतो तर चेहऱ्यांवरून झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा गेलेल्या. मामा एवढंच म्हणाला, "फिल्मला घाई चालत नाही रे."

गेले काही महिने मी अमेरिकेच्या केएच-९ हेक्सागॉन या टेहळणी उपग्रहाबद्दल मिळेल ते वाचतोय. वाचताना ती ठिणगी सारखी आठवते. या उपग्रहावर बोलताना लोक भिंगाबद्दल बोलतात, किती बारीक दिसायचं त्याबद्दल बोलतात. मला मात्र त्यात सर्वांत अवघड गोष्ट वाटते ती फिल्म पळवण्याची. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं आणि गॅरी पॉवर्स हा वैमानिक पकडला गेला. सोव्हिएत भूमीवरून विमानं नेण्याचा मार्ग तिथेच बंद झाला. १९ ऑगस्ट १९६० रोजी मॉस्कोत पॉवर्सला शिक्षा सुनावली गेली, आणि त्याच दिवशी हवाई बेटांजवळ एका सी-११९ मालवाहू विमानाने पॅराशूटने खाली येणारी एक कुपी हवेतल्या हवेत आकड्यात पकडली. अंतराळातून परत आलेली ती पहिली वस्तू. तिच्यात साधारण ९ किलो फिल्म होती. त्या एका कुपीत सोव्हिएत भूमीचं जेवढं क्षेत्र टिपलं गेलं होतं, तेवढं यू-२ च्या आधीच्या सगळ्या उड्डाणांनी मिळून टिपलं नव्हतं. कार्यक्रमाचं खरं नाव कोरोना. जगासाठी त्याला डिस्कव्हरर म्हणत आणि विज्ञानप्रयोग म्हणून सांगत.

कोरोनाच्या सुरुवातीच्या अडचणी वाचून मी थक्क झालो, कारण त्यातल्या दोन मला डार्करूममधून ओळखीच्या होत्या. पहिली: फिल्मचा पाया तेव्हा ॲसिटेटचा असे. निर्वात पोकळीत त्यातला ओलावा उडून जायचा, फिल्म कडक होऊन तुटायची आणि कॅमेरा तिथेच ठप्प. कोडॅकने पॉलिएस्टरच्या पायावर फिल्म काढली तेव्हा हे थांबलं. दुसरी अडचण म्हणजे माझी ठिणगी. रोलरवरून सरकताना फिल्मवर स्थिर विद्युत साचायची, तिचा विसर्ग व्हायचा आणि चित्रावर धुरकट डाग यायचे. ते आटोक्यात आणायला वर्षं गेली.

आता हेक्सागॉन. पहिलं उड्डाण १५ जून १९७१, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गहून, टायटन-३डी रॉकेटवर. लांबी सुमारे १८ मीटर, म्हणजे दीड एस.टी. बस. व्यास ३ मीटर, वजन १३ टनांच्या आसपास. कक्षा बरीच खालची: पृथ्वीपासून सर्वांत जवळ येताना साधारण १६० किलोमीटर. एवढ्या खाली हवेचा विरळ थर उपग्रहाला सतत मागे खेचतो, त्यामुळे इंजिन पुन्हा पुन्हा चालवून कक्षा सावरावी लागते.

मुख्य कॅमेरे दोन. एक १० अंश पुढे झुकलेला, दुसरा १० अंश मागे. एकच जागा दोन कोनांतून टिपली गेली की दोन चित्रं स्टिरिओस्कोपखाली ठेवून इमारतीची, टेकडीची उंची मोजता येते. प्रत्येकाची नाभीय लांबी (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर) दीड मीटर, भिंगाचं छिद्र तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं (एफ/३), बनवणारी कंपनी पर्किन-एल्मर, कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीची. ही अख्खी प्रकाशनळी गोल फिरते आणि जमीन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झाडून काढल्यासारखी टिपते. दोन नळ्या उलटसुलट दिशांनी फिरतात, नाहीतर उपग्रहच फिरायला लागेल. पूर्ण १२० अंशांचा झाडू मारला तर पट्टा ६८० किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सरळ रेषेत मुंबई ते नागपूर. दीड मीटर नाभीय लांबीवर १२० अंश म्हणजे एका फोटोची लांबी जवळजवळ ३.२ मीटर! मी आयुष्यात धुतलेला सर्वांत मोठा रोल या एका फ्रेमच्या निम्म्याएवढाही नव्हता.

फिल्म ६.६ इंच रुंद. दोन्ही कॅमेऱ्यांची मिळून सुमारे ९७ किलोमीटर. उपग्रहाच्या मागच्या भागात दोन प्रचंड रिळं, तिथून रोलरांच्या रांगांमधून कॅमेऱ्यापर्यंत, तिथून पुढे नाकाकडच्या कुप्यांपर्यंत. अशा चार कुप्या, आणि प्रत्येकीत दोन रिळं, दोन्ही कॅमेऱ्यांसाठी. एक कुपी भरली की फिल्म कापायची, पुढच्या कुपीच्या रिळावर गुंडाळायला घ्यायची आणि भरलेली कुपी खाली सोडायची.

कॅमेरा फोटो घेत असताना फिल्म जास्तीत जास्त सेकंदाला ५ मीटर वेगाने धावते. धावत असतानाच तिच्यावर प्रकाश पडतो. नळी फिरत असल्यामुळे प्रतिमाही सरकत असते, आणि फिल्म तिच्या अगदी बरोबरीने सरकली तरच चित्र स्पष्ट येतं. फ्रेम संपली की फिल्म थांबवायची, वाया जाऊ नये म्हणून थोडी मागे घ्यायची आणि पुन्हा पळवायची. मागचं मोठं रीळ मात्र असं झटक्यात सुरू-बंद करता येत नाही, ते आपलं संथ फिरत राहतं. या दोन चालींचा मेळ घालणारी जी सरकती चौकट मध्ये आहे, तिला लूपर म्हणतात. शिवाय कॅमेरा फिरतो आणि बाकी रस्ता स्थिर, म्हणून फिल्मला पीळ पडतो. तो पीळ घेताना फिल्म दांड्यांवर घासू नये म्हणून दांड्यांच्या छिद्रांतून नायट्रोजन वायू सोडत, आणि फिल्म त्या वायूच्या पातळ थरावर तरंगत पुढे जाई. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. १९७१ साली, माणसाचा हात लागू शकत नाही अशा ठिकाणी, महिनोन् महिने.

पुढचं सवडीने लिहितो. डोळे थकलेत.

---

मावळतीचा_वारा | शनिवार, रात्री १०.०५

सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

अनिकेत_पु | शनिवार, रात्री ११.४०

काका, लेख फार आवडला. एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. कक्षेतून परत मिळालेली पहिली वस्तू १९ ऑगस्टची नाही. त्याच्या आठवडाभर आधी, ११ ऑगस्ट १९६० रोजी, डिस्कव्हरर-१३ ची कुपी समुद्रातून उचलली होती. तिच्यात फिल्म नव्हती, अमेरिकेचा झेंडा होता. तुम्ही म्हणता ती डिस्कव्हरर-१४ ची कुपी. हवेत पकडलेली पहिली, आणि फिल्म घेऊन आलेली पहिली. त्याआधी १९५९ पासून ओळीने बारा प्रयत्न फसले होते हेही सांगायला हवं. बारा वेळा अपयश आल्यावरही कार्यक्रम चालू ठेवणाऱ्यांचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता थोडं गणित, तुमच्या आकड्यांवरूनच. नाभीय लांबी १.५२ मीटर, उंची १६० किलोमीटर, म्हणजे प्रमाण साधारण १:१,०५,०००. हेक्सागॉनमधून ६० सेंटिमीटरची वस्तू ओळखता येई असं म्हणतात. ती फिल्मवर उमटणार पावणेसहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस धरा ७० मायक्रॉन, म्हणजे त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढी.

आणि हा उपग्रह जमिनीवरून सेकंदाला ७.६ किलोमीटर वेगाने जातोय. समजा शटर एक हजारांश सेकंद उघडं राहिलं. तेवढ्यात खालची जमीन ७.६ मीटर मागे गेली! फिल्मवर ७२ मायक्रॉनचा फराटा. हवंय पावणेसहा मायक्रॉन, फराटा त्याच्या बारापट. म्हणून फिल्मची चाल नुसती नळीच्या फिरण्याशी जुळून भागत नाही, उपग्रहाचा वेग आणि त्याची त्या क्षणाची उंची यांच्या गुणोत्तराशीही सतत जुळवत राहावी लागते. कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे उंची दर मिनिटाला बदलते.

तुमचा ५ मीटरचा वेग घेतला तर एक हजारांश सेकंदात फिल्म ५ मिलिमीटर पुढे जाते. त्यात पाच मायक्रॉनची चूक चालेल, म्हणजे वेगात हजारात एक एवढाच फरक खपेल. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. भिंग एकदा घासून तपासलं की झालं. ही कसरत मात्र दर फ्रेमला नव्याने करायची.

---

रोटरीवाला | रविवार, सकाळी ७.१५

मी सहसा फक्त वाचतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. सव्वीस वर्षं एका दैनिकाच्या छापखान्यात वेब ऑफसेट मशीनवर काढली आहेत. आमच्याकडे एका प्रतीचा कटऑफ, म्हणजे एका प्रतीसाठी कापला जाणारा कागद, ५४६ मिलिमीटर. तासाला ३६ हजार प्रतींवर मशीन चाललं की सेकंदाला दहा प्रती, म्हणजे कागद साडेपाच मीटर वेगाने धावतो. तुमच्या उपग्रहातल्या फिल्मचा वेग जवळपास तोच! तो वेग कसा दिसतो, कसा ऐकू येतो, हे मला झोपेतही सांगता येईल.

पण आम्ही त्या वेगाला येतो ते हळूहळू, टप्प्याटप्प्याने. एकदम वेग वाढवला तर वेब, म्हणजे मशीनमधून धावणारी कागदाची अखंड पट्टी, तुटणार, ठरलेलं. रील अर्ध्यावर आलं की त्याचं वजन बदलतं, टेन्शन बदलतं. रिळाला कुठे चपटी बाजू असेल तर प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो. हे हिसके गिळायला मध्ये डान्सर रोलर असतो. कागद ढिला पडला की तो खाली येतो, ताणला की वर जातो, आणि त्यावरून रिळाचा ब्रेक कमी-जास्त होतो. तुमचा लूपर म्हणजे आमच्या डान्सरचा मोठा भाऊ म्हणायचा.

रात्री दोन वाजता वेब तुटला की काय होतं ते सांगतो. मशीन थांबतं. सिलिंडरला गुंडाळलेला कागद चाकूने कापून ओढून काढायचा, शाईने कोपरापर्यंत हात बरबटलेले, मग टोक पुन्हा सगळ्या रोलरांमधून ओवून घ्यायचं. सराईत चार माणसं असली तरी वीस मिनिटं मोडतात, आणि बाहेर गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. तिथे वर ओवायला कोण जाणार? एकदा तुटली की उरलेली सगळी फिल्म वायाच. आणि हे लोक दर फ्रेमला फिल्म थांबवून उलटी फिरवत होते! आमच्या मशीनवर असं करायला सांगितलं असतं तर मी हात जोडले असते.

एक विचारायचं होतं. फिल्म एका बाजूला सरकू नये म्हणून काय करत? आमच्याकडे वेब गाईड असतो.

---

तांबडादिवा | रविवार, सकाळी ९.५०

रोटरीवाला, तुमच्या प्रतिसादाने दिवसाची सुरुवात फार छान झाली. फिल्म सरकू नये म्हणून काय करत ते सांगतो. पूर्ण रस्त्यावर रोलर एकमेकांशी काटेकोर समांतर बसवणं हीच मोठी कामगिरी होती, आणि फिल्मची कड कुठे आहे यावर नजर ठेवून ती जागेवर आणणारी यंत्रणाही होती. थोडक्यात, तुमचा वेब गाईडच.

अनिकेत, राग कसला? तुमची दुरुस्ती बरोबर आहे, मी डिस्कव्हरर-१३ विसरलो होतो. मूळ लेखात बदल करत नाही, तुमचा प्रतिसाद खाली आहेच, वाचणाऱ्यांना दोन्ही दिसू दे.

डॅनबरीबद्दल राहिलं होतं. त्या कारखान्यात एका वेळी हजाराहून जास्त माणसं या कॅमेऱ्यांवर काम करत होती. आपण काय बनवतो हे घरी बायकोलाही सांगायचं नाही, अशी शपथ. सप्टेंबर २०११ मध्ये कार्यक्रम जाहीर झाला आणि वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात एक हेक्सागॉन एका दिवसासाठी मांडला. तोपर्यंत यातले कितीतरी लोक वारले होते. जे उरले होते ते म्हातारपणी मुलाबाळांना घेऊन उपग्रहापाशी उभे राहिले आणि पहिल्यांदा म्हणाले, हे आमचं काम. आता तो ओहायोत डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

---

सुलभा_कुलकर्णी | रविवार, दुपारी १२.३०

तांत्रिक भाग मला अर्धाच कळला, पण रोटरीवाला दादांच्या प्रतिसादानंतर पुन्हा वाचला आणि बराच उलगडला. माझा प्रश्न साधा आहे. एवढा खटाटोप करून फिल्म खाली टाकायची कशाला? टीव्हीवर चित्रं तर तेव्हाही दिसत होती. माणूस चंद्रावर उतरलेला आपण बघितला तो १९६९ साली.

---

अनिकेत_पु | रविवार, दुपारी २.१०

सुलभाताई, प्रश्न साधा नाही, अगदी मुळाचा आहे. टीव्हीच्या चित्रात तेव्हा काही लाख बिंदू असत. हेक्सागॉनच्या एका पूर्ण फ्रेमचं बघा: १६.८ सेंटिमीटर रुंद, ३१९ सेंटिमीटर लांब. पाच मायक्रॉनला एक बिंदू धरला तर रुंदीत ३३,६०० आणि लांबीत ६,३८,०००. गुणाकार केला की २,१०० कोटी बिंदू. एका फोटोत! सगळ्या ९७ किलोमीटर फिल्मचा हिशोब आजच्या भाषेत केला तर साडेसहाशे टेराबाइटच्या घरात जातो. १९७१ च्या रेडिओने हे खाली पाठवायचं म्हणजे पिंपाने समुद्र उपसणं. चांदीच्या कणांएवढी दाट साठवण तेव्हा दुसऱ्या कशातच नव्हती.

उपग्रहातच फिल्म धुऊन, स्कॅन करून रेडिओने पाठवायचा प्रयत्न अमेरिकेने सामोस कार्यक्रमात १९६१ मध्ये केला होता. टेहळणीसाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्याच घराण्यातला कॅमेरा पुढे १९६६-६७ मध्ये लुनार ऑर्बिटर यानांवर चंद्राकडे गेला आणि अपोलोच्या उतरण्याच्या जागा त्याच्या फोटोंवरून निवडल्या. चंद्रावरून कुपी परत आणणं शक्यच नव्हतं, तिथे तोच मार्ग योग्य होता.

फिल्मची खरी किंमत म्हणजे वेळ. फोटो आज काढला तरी कुपी भरेपर्यंत तो वरच. मग ती सोडा, पकडा, न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला कोडॅककडे धुवायला न्या, मग वॉशिंग्टनला विश्लेषकांच्या टेबलावर. युद्धाच्या दिवसांत ही वाट बघणं परवडत नसे. १९ डिसेंबर १९७६ रोजी केएच-११ हा पुढचा टेहळणी उपग्रह उडाला. तो चित्र थेट रेडिओने खाली पाठवायचा. तरीही हेक्सागॉन पुढे दहा वर्षं उडत राहिला, कारण रुंद प्रदेश एका झटक्यात टिपण्यात त्याला तोड नव्हती.

---

तांबडादिवा | रविवार, संध्याकाळी ६.४५

अनिकेतने माझं काम हलकं केलं. आता कुप्यांची गोष्ट.

उपग्रहापासून सुटलेली कुपी छोटं रॉकेट पेटवून वेग कमी करते आणि वातावरणात शिरते. बाहेरचं उष्णतारोधक आवरण जळत जातं. मग पॅराशूट उघडतं आणि हवाई बेटांच्या परिसरात घिरट्या घालणारं सी-१३० विमान मागे दोन दांडे आणि आकडे लावलेली दोरी सोडून पॅराशूटच्या वरून जातं. आकडा अडकला की विंचने कुपी आत ओढायची. चुकलं तर वळून पुन्हा. डिस्कव्हरर-१४ च्या वेळी तिसऱ्या फेरीत जमलं होतं.

कोरोनाच्या कुप्या समुद्रात पडल्या तर काही काळ तरंगत. त्यांच्या तळाला मिठाची गुडदी बसवलेली असे. एक-दोन दिवसांत मीठ विरघळायचं, पाणी आत शिरायचं आणि कुपी बुडायची, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये. एवढ्या प्रगत यंत्रात मिठाचा खडा! मला ही कल्पना फार आवडते. तरीही १९६४ मध्ये एक कुपी भरकटून थेट व्हेनेझुएलात ला फ्रिया गावाजवळ पडली आणि शेतकऱ्यांना सापडली. त्यानंतर कुप्यांवर 'गुप्त' असं लिहिणं बंद केलं आणि परत आणून देणाऱ्याला बक्षीस, असं आठ भाषांत लिहायला लागले.

आणि हेक्सागॉनच्या पहिल्याच मोहिमेत घात झाला. जुलै १९७१ मध्ये तिसऱ्या कुपीचं पॅराशूट निकामी झालं, ती पॅसिफिकवर आदळली आणि सुमारे ५ किलोमीटर खोल तळाशी गेली. ती काढायला नौदलाने ट्रीस्ट-२ ही खोल पाण्यात उतरणारी पाणबुडी नेली. आधीचे प्रयत्न फसले. २५ एप्रिल १९७२ रोजी अखेर तळावर फिल्मचे गठ्ठे दिसले. खास बनवलेल्या पंज्याने ते धरले आणि वर यायला निघाले. वर येताना फिल्म पाण्यात सुटी होऊन तुकड्या-तुकड्यांनी निसटत गेली. वर पोचेपर्यंत हाती जवळपास काहीच उरलं नाही. नऊ महिने खाऱ्या पाण्यात असलेली फिल्म. ज्याने ओल्या निगेटिव्हवरचं इमल्शन बोटाने सुटताना पाहिलंय, त्याला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडत नाहीत.

एकूण वीस उड्डाणं. सर्वांत लांबलेली मोहीम १९८३ ची, २७५ दिवसांची. शेवटचं उड्डाण १८ एप्रिल १९८६, चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत. टायटन रॉकेट काही सेकंदांतच फुटलं. तो उपग्रह शेवटचाच होता, त्यामुळे हेक्सागॉन तिथेच संपला.

---

मावळतीचा_वारा | रविवार, रात्री ८.३०

सोव्हिएत बाजूला काय होतं? आणि आपल्या इस्रोने कधी फिल्मवाला उपग्रह सोडला का?

---

अनिकेत_पु | रविवार, रात्री ९.१५

सोव्हिएतांचा झेनिट. गागारिन ज्या व्होस्तोकमधून गेला त्याच्याच २.३ मीटर व्यासाच्या गोळ्यात माणसाऐवजी कॅमेरे बसवले. पहिला यशस्वी १९६२ चा कॉसमॉस-४. त्यांच्याकडे स्वतःची जमीन अफाट, त्यामुळे अख्खा गोळा कॅमेऱ्यांसकट जमिनीवर उतरवत आणि कॅमेरे पुन्हा वापरत. अमेरिकेने कॅमेरा वर सोडून फक्त फिल्म आणली. दोन्ही विचार आपापल्या भूगोलाला धरूनच होते. चीननेही १९७५ मध्ये कुपी परत आणली.

भारताने टप्पाच गाळला. भास्कर-१ वर १९७९ मध्ये टीव्ही कॅमेरे होते आणि १९८८ च्या आयआरएस-१ए वर थेट सीसीडी, म्हणजे फिल्मऐवजी प्रकाशाचे विद्युत संकेत करणारी चकती. आपण फिल्म परत आणायच्या भानगडीत पडलोच नाही. कक्षेतून कुपी मात्र आणली, २२ जानेवारी २००७ रोजी, एसआरई-१, बंगालच्या उपसागरात. त्यात प्रयोग होते, कॅमेरा नव्हता.

---

हिमरेषा | सोमवार, सकाळी १०.२०

हा धागा मला काल रात्री मैत्रिणीने पाठवला. मी हिमनद्यांवर संशोधन करते आणि हेक्सागॉनचे फोटो माझ्या रोजच्या कामात आहेत, म्हणून एक भर घालते.

काकांनी चार कुप्या सांगितल्या. १९७३ ते १९८० मधल्या बारा मोहिमांत पाचवी, लहान कुपीही होती. ती नकाशांसाठीच्या वेगळ्या कॅमेऱ्याची. त्याची नाभीय लांबी ३० सेंटिमीटरच, तपशील ६ ते ९ मीटरचा, पण एक फ्रेम साधारण २५० बाय १२५ किलोमीटर प्रदेश व्यापते. आम्हाला हाच कॅमेरा जास्त उपयोगी पडतो. मुख्य कॅमेऱ्याच्या चित्रात कडेला जाल तसं प्रमाण बदलत जातं, ते सरळ करणं जिकिरीचं. नकाशाच्या कॅमेऱ्याची भूमिती सोपी आहे.

शिवाय त्या फिल्मवर एक-एक सेंटिमीटरवर बारीक फुल्या छापलेल्या असतात. काकांना कदाचित हे आवडेल: पन्नास वर्षांत फिल्म आक्रसते, ताणली जाते, कुठे वाकते. फुल्या मूळच्या जागेवरून किती हलल्या ते मोजून आम्ही फिल्मचा तो विकार काढून टाकतो. पहिल्यांदा मी एका फ्रेमवरच्या फुल्या हाताने टिपल्या तेव्हा दोन दिवस गेले. आता प्रोग्राम शोधतो, पण बर्फाच्या पांढऱ्या भागावर फुली फिकट पडते, तिथे अजूनही डोळेच लागतात.

या फोटोंच्या जोड्यांवरून १९७० च्या दशकातली हिमालयाची उंची मिळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच चित्रांवरून हिमालयातल्या २,००० किलोमीटर पट्ट्यातल्या ६५० हिमनद्या तपासल्या. १९७५ ते २००० या काळात बर्फ ज्या वेगाने घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने २००० नंतर घटतोय, असं दिसलं. त्या काळात त्या उंचीवर जाऊन केलेली मोजमापं फारच थोडी आहेत. हे रिळांत पडून राहिलेले फोटो नसते तर तुलना कशाशी करणार होतो?

---

भीमाकाठ | सोमवार, रात्री ९.०५

हिमरेषा ताई, हे फोटो सामान्य माणसाला मिळतात का? आमचं गाव उजनी धरणात गेलं. आजोबांचं घर, वाडा, विहीर, सगळं पाण्याखाली. धरण १९८० साली पूर्ण झालं. दुष्काळात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं, ते बघायला लोक जातात. आमच्या घराचा एकही फोटो नाही. आजी ९१ वर्षांची आहे.

---

हिमरेषा | सोमवार, रात्री १०.४०

मिळतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर खातं उघडा, नकाशावर तुमच्या गावाची जागा निवडा आणि डेटा सेट्समध्ये डिक्लासिफाइड (आधी गुप्त, आता खुले केलेले फोटो) विभाग बघा. आधी कुणी स्कॅन करून घेतलेला फोटो असेल तर फुकट उतरवता येतो. नसेल तर एका फ्रेमला ३० डॉलर.

घर शोधायचं असेल तर कोरोनापासून सुरुवात करा, १९६७ ते १९७२ मधले. त्यातला सगळ्यात चांगला तपशील १.८ मीटरच्या आसपास. वाड्याचा चौक, देवळाचं आवार, रस्ता, मोठी विहीर ओळखू यावी. कौलांचा रंग वगैरे नाही, सगळं काळं-पांढरं. पावसाळ्यातल्या तारखा सोडून द्या. छोटी झलक आधी बघता येते, ढग आहेत का ते तिथेच कळेल.

---

भीमाकाठ | गुरुवार, रात्री ११.५५

ताई, दोन पट्ट्या सापडल्या. एकीत नेमका नदीवर ढग. दुसरी स्वच्छ वाटतेय, भीमेचं वळण झलकेतसुद्धा ओळखता आलं. ती मागवली. मुलाने पैसे भरले. आजीला अजून सांगितलेलं नाही.

---

हिमरेषा | शुक्रवार, सकाळी ८.१०

छान झालं! फोटो आला की गोंधळू नका. कोरोनाची फ्रेम पाऊण मीटर लांब असते, त्यामुळे स्कॅन चार तुकड्यांत येतो आणि कडा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. उत्तर दिशा वर असेलच असं नाही, कधी अख्खा पट्टा उलटा असतो. आधी नदीचं वळण जुळवा, मग पळसदेवचं देऊळ शोधा, आणि तिथून गावाकडे जा. अडलं तर इथेच लिहा.

---

तांबडादिवा | शुक्रवार, सकाळी ९.००

भीमाकाठ, आजीला दाखवताना मोबाइलवर दाखवू नका. गावाचा भाग कापून मोठ्या कागदावर मॅट प्रिंट काढून घ्या, चकचकीत कागदावर म्हाताऱ्या डोळ्यांना नुसता उजेड दिसतो. शक्यतो सकाळी, खिडकीपाशी. फाइल मला पाठवलीत तर कॉन्ट्रास्ट मी जुळवून देतो.